राग गिळावा की ओकावा?

खिडकीतला कावळा (मंगळवार, रात्री १०:१२)

मंडळी, कारण घडलं म्हणून धागा काढतोय. वय ५२, मुक्काम डोंबिवली, गेली तीन वर्षं सोसायटीचा सचिव. (हे पद ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको.) रविवारी सकाळी पार्किंगवरून एका सभासदाशी वाजलं. गाडी त्यांची, जागा माझी, आणि वर "नियम आम्हाला शिकवू नका". तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते त्या दिवशी कळलं. आवाज चढला, तोंड कोरडं पडलं. मोठी पंचाईत म्हणजे आठवडाभर घोकलेले मुद्दे होते, त्यातला एक आठवेल तर शपथ. जे शब्द आठवले ते इथे लिहिले तर संपादक उडवतील.

तीन मजले चढून घरी आलो. हात इतके थरथरत होते की कपबशी वाजत होती. बायकोने सासूबाईंचं बीपीचं यंत्र आणून लावलं, आकडा आला १६८/१०४. मला आजवर बीपी नाही. दुपारी जेवण गेलं नाही. रात्री दोनला जाग आली ती थेट भांडणाच्या मध्यावर, आणि आता सगळे मुद्दे ओळीने हजर!

मुलगी म्हणते, बाबा राग दाबू नका, उशी बडवा, मोकळे व्हा. आई म्हणते, गिळायला शीक, तुझे वडील गिळायचे. (वडील ५८व्या वर्षी गेले, हे ती विसरते.) दोघींपैकी बरोबर कोण? आणि मुळात त्या दहा मिनिटांत माझ्या अंगात झालं काय?

उकडलेला बटाटा (१०:२०)

गाडी हलली का?

खिडकीतला कावळा (१०:२१)

नाही.

नाडीपरीक्षा (११:०५)

सचिवसाहेब, आधी तो १६८ विसरा. भांडून, वर तीन जिने चढून आल्या आल्या मोजलंत तर कुणाचाही आकडा चढलेलाच येणार. नीट मोजायचं तर पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा आणि तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. एका आकड्यावरून औषध सुरू करत नाहीत आणि बंदही करत नाहीत.

आता अंगात काय झालं ते. कानशिलाच्या आत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे, नावाचा अर्थही बदामच. समोरचा प्रकार धोक्याचा किंवा अपमानाचा आहे ही पहिली बोंब तिथून उठते. ती पोचते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागाकडे. तिथून निघालेल्या मज्जातंतूंचा निरोप मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना मिळतो आणि अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. नाडी जलद होते, दाब चढतो, यकृत साठवलेली साखर सोडतं, स्नायूंकडे रक्त वाढतं आणि पोटाकडचं कमी होतं. लाळ आटते म्हणून तुमचं तोंड कोरडं पडलं, आणि अ‍ॅड्रिनलिनने स्नायू थरथरायला लागतात म्हणून कपबशी वाजली.

अ‍ॅड्रिनलिन टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत रक्तातलं निम्मं होतं. त्याच्यामागून येणारं कॉर्टिसॉल मात्र सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, ते निम्मं व्हायला तास-दीड तास जातो. भांडण मिटल्यावरही माणूस दुपारपर्यंत धुसफुसत राहतो त्यात याचा वाटा आहे.

मुद्दे का आठवले नाहीत? कपाळाच्या मागचा मेंदू, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, तो मुद्दे मनात धरून ठेवतो, शब्द निवडतो आणि जिभेला लगाम घालतो. याच जातकुळीची रसायनं मेंदूत बेताची असली तर तो तल्लख चालतो, भरमसाट झाली की ढेपाळतो. तुमचा लगामवाला रजेवर गेला आणि घोडा पार्किंगमध्ये सुटला.

अमिग्डाला म्हणजे "रागाचं केंद्र" असं मात्र समजू नका. तिच्यावरचा बराचसा अभ्यास भीतीचा आहे. रागाच्या बाबतीत हायपोथॅलॅमसचा पुरावा जुना. १९२८ मध्ये फिलिप बार्ड यांनी दाखवलं की मेंदूचा वरचा थर काढलेली मांजरं किरकोळ कारणावरून फिस्कारतात, नखं काढतात, पण हायपोथॅलॅमसचा मागचा भाग गेला की हा अख्खा आविष्कार नाहीसा होतो. पुढे वॉल्टर हेस यांनी जाग्या मांजरांच्या मेंदूत बारीक तार घालून त्याच परिसराला विजेचा हलका झटका दिला, तर शांत बसलेलं मांजर पाठ फुगवून अंगावर यायचं. १९४९ चं नोबेल त्यांना मिळालं.

गावठी मिरची (बुधवार, सकाळी ८:३०)

डॉक्टर, मांजरांचं राहू द्या, माझं सांगा. मला राग आला की पहिल्यांदा पोटात कालवतंय. नणंदेशी कडाक्याचं झालं त्या दिवशी पिवळं पित्त पडलं बघा. आमच्यात म्हणतातच, "पित्त खवळलं". नवरा म्हणतो नाटक आहे.

तर्कटशास्त्री (९:४५)

मिरचीताई, नवऱ्याला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवा.

६ जून १८२२, अमेरिकेतलं मॅकिनॅक बेट. अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम भरताना जठराला बाहेरून एक भोक कायमचं राहिलं. बोमाँटना ती खिडकीच मिळाली. दोऱ्याला मांसाचा, कोबीचा तुकडा बांधून ते आत सोडायचे आणि तासातासाने ओढून बघायचे. अशी दोनशेच्या वर निरीक्षणं त्यांनी १८३३ मध्ये छापली. आता स्वतःच्या पोटात कुणी असा गळ टाकून बसला तर माणूस चिडणारच. सेंट मार्टिन चिडायचा, आणि त्याचा पारा चढला असताना जठरात पित्तरस उतरलेला दिसला, अशी नोंद बोमाँटनी केली आहे. एरवी पित्तरस जठरात फारसा दिसत नाही, तो खाली आतड्यात जातो.

न्यूयॉर्कमध्ये १९४० च्या दशकात असाच दुसरा माणूस अभ्यासला गेला, कागदपत्रांत त्याचं नाव टॉम. लहानपणी उकळतं सूप गिळून त्याची अन्ननलिका भाजली होती, त्यामुळे तो पोटावरच्या छिद्रातून जेवायचा. मनात चीड धुमसत असली की त्याच्या जठराचं अस्तर लालबुंद व्हायचं आणि आम्ल वाढायचं. घाबरला की तेच अस्तर पांढुरकं पडायचं.

नाटक म्हणे!

नाडीपरीक्षा (१०:१०)

सुंदर प्रतिसाद. एक जोड देतो. वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं होतं की मांजर बिथरलं की जठराची घुसळण जागच्या जागी थांबते. "लढा किंवा पळा" ही कल्पना त्यांचीच, १९१५ सालच्या पुस्तकातली. एकीकडे घुसळण बंद, दुसरीकडे आम्ल चालू, म्हणजे अन्न पडून राहणार आणि जळजळ होणार. सचिवांचं जेवण म्हणूनच गेलं नाही. मिरचीताई, पण वारंवार पिवळं पडत असेल तर नणंदेवर न ढकलता तपासून घ्या.

गावठी मिरची (१०:२५)

वाचून दाखवलं. म्हणाला, "मग तुझ्या पोटाला खिडकी पाडूया का?" परत पित्त खवळलं.

उकडलेला बटाटा (१०:२६)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

सातासमुद्रापार (दुपारी १:५०)

इकडे न्यू जर्सीत पहाटेचे सव्वाचार वाजलेत आणि मी हा धागा वाचतोय, म्हणजे झोपेचंही तुम्ही बघा. माझं काम आकडेवारीचं, म्हणून हृदयाचा भाग मी घेतो.

१९९५ मध्ये अमेरिकेत १,६२३ हृदयविकाराच्या रुग्णांना झटक्याआधीचे तास कसे गेले ते विचारलं. कडक संतापानंतरच्या दोन तासांत झटक्याची शक्यता २.३ पट निघाली. पुढे ५२ देशांतल्या बारा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासातही (२०१६) आकडा त्याच घरात आला, २.४ पट. राग आणि जोराचे श्रम एकाच तासात घडले तर तीनपट. सचिवसाहेब, तीन जिने लक्षात घ्या.

पण "पट" या शब्दाला भुलू नका. दोन तासांतली मुळातली शक्यता नगण्य असते, तिच्या दुप्पटही लहानच. अशा अभ्यासांचं एकत्रित गणित २०१४ मध्ये मांडलं गेलं. ज्यांना हृदयाचा धोका कमी आहे असे दहा हजार लोक महिन्यातून एकदा संतापले, तर वर्षाला झटका एकच जास्त. तेच लोक रोज पाच वेळा भडकले तर १५८ जास्त. आधीच धोका असलेल्यांमध्ये तो आकडा ६५० च्या पुढे जातो. म्हणून एका रविवारच्या भांडणाने घाबरायचं कारण नाही. ज्यांचा प्रत्येक दिवस रविवार असतो त्यांनी विचार करावा.

या विषयातला माझा आवडता माणूस म्हणजे लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर. देवीची लस देणाऱ्या जेन्नरचे गुरू. त्यांना छातीत कळ यायची आणि ती रागाने येते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला चिडवायचं मनात आणणाऱ्या कुठल्याही हलकटाच्या हातात माझा जीव आहे, असं ते म्हणायचे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या बैठकीत कुणीतरी त्यांना आडवं बोललं. हंटर उठले, शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळले. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या चुन्यासारख्या कडक झालेल्या सापडल्या. म्हणजे दारूगोळा बरीच वर्षं भरलेला होता, बैठकीने फक्त काडी लावली.

तर्कटशास्त्री (२:३०)

थोडा विरोध नोंदवतो. इथे सगळे रागाला रोग समजून बसलेत. भीती माणसाला मागे ओढते, राग पुढे ढकलतो. १९८३ च्या एका प्रयोगात बोटांचं तापमान मोजलं होतं. भीतीत आणि रागात नाडी दोन्हीकडे वाढते, पण बोटं रागात जास्त गरम होतात. (तळपायाची आग हा वाक्प्रचार उगाच नाही.) गरम हात म्हणजे काहीतरी करायला निघालेले हात. पाणी येत नाही म्हणून हंडे घेऊन कचेरीवर गेलेल्या बायका चिडल्या नसत्या तर टँकरही आला नसता. सचिवाला राग आला नसता तर पार्किंगचा नियम कुणी पाळला असता?

उकडलेला बटाटा (२:३१)

राग येऊनही कुणी पाळलेला नाही.

शेवंता७२ (४:१५)

तर्कटशास्त्रींशी अर्धी सहमत, पण कुणाच्या रागाला निघायला वाट असते तेही बघा. बाप्यांनी आवाज चढवला की तो तापट, बाईने चढवला की ती कजाग. आमच्या आईचा राग भांड्यांतून कळायचा. कुकरचं झाकण आपटलं की वडील पेपर घेऊन गॅलरीत. शब्द एक नाही. जेवायला मात्र सगळं गरम गरम वाढायची. पासष्टीत तिला बीपी, पित्त, डोकेदुखी सगळं होतं आणि प्रत्येक डॉक्टर विचारायचा, "आजी, काही टेन्शन?" ती म्हणायची, "छे हो, मला कसलं?"

मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावाचा हृदयाचा जुना अभ्यास सगळ्यांना ऐकून माहीत असेल. त्यातच नवराबायकोला विचारलं होतं की भांडणात तुम्ही बोलता की गप्प बसता. दहा वर्षांनी पाहिलं, तर तोंड दाबून बसणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण बोलणाऱ्या बायकांच्या चौपट होतं (२००७ चा निबंध). पुरुषांत असा फरक दिसला नाही. एकाच अभ्यासावरून सगळं ठरवू नये हे कळतं, पण वाचलं तेव्हा मला कुकरचं झाकण ऐकू आलं.

सचिव, तुमच्या आईला सांगा, गिळलेला राग पोटात जाऊन जिरत नाही. चेहऱ्यावर दिसू न देण्याचा प्रयत्न करणाऱ्यांचा दाब आतून वाढलेला प्रयोगशाळेतही मोजलाय.

पन्हाळगडचा वारा (५:००)

व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की पाच मिनिटांच्या रागाने सहा तास इम्युनिटी बंद पडते. खरं का?

नाडीपरीक्षा (५:४०)

बंद पडली असती तर मुंबईची लोकल संध्याकाळपर्यंत रिकामी झाली असती. लाळेतल्या एका प्रतिपिंडाची पातळी राग आठवल्यावर काही तास खाली राहिली, असा एक छोटा प्रयोग आहे. त्याला मीठमसाला लावून हे फिरतंय. त्यापेक्षा दमदार काम २००५ चं. ४२ जोडप्यांच्या हातावर मुद्दाम लहान फोड आणले. एकदा त्यांनी गोडीत गप्पा मारल्या, दुसऱ्या खेपेला वादाच्या विषयावर बोलले. वादानंतरच्या जखमा भरायला एक दिवस जास्त लागला. जी जोडपी एकमेकांशी कायमच डूख धरल्यासारखी वागत होती, त्यांची जखम इतरांच्या साठ टक्के वेगानेच भरली.

खिडकीतला कावळा (रात्री ९:३०)

सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. गिळायचा नाही हे कळलं. मग मुलीचं खरं ना? उशी?

सातासमुद्रापार (१०:४०)

उशी नको. २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांच्या निबंधावर जहरी शेरे मारून त्यांना चिडवलं. काहींना शेरे मारणाऱ्याचा विचार करत मुष्टियुद्धाची बॅग बडवायला लावली, काहींनी व्यायाम म्हणून बडवली, आणि काही जण दोन मिनिटं नुसते बसले. सगळ्यात जास्त चिडलेले निघाले पहिले, सगळ्यात शांत शेवटचे. मुंबई-पुण्यात पैसे घेऊन भांडी फोडायला देतात म्हणे, पण धंद्यापलीकडे त्यात अर्थ दिसत नाही. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही हेच दिसलं. अंगातली खळबळ उतरवणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो: सावकाश श्वास, शिथिलीकरण, ध्यान, योगासनं. खळबळ वाढवणाऱ्यांनी उतरत नाही. धावणं तब्येतीला उत्तम, पण रागावर उतारा म्हणून नाही, उलट तो थोडा वाढलेला दिसला.

तर्कटशास्त्री (१०:५५)

म्हणजे पहिलवानांपेक्षा आमची दुपारची झोप बरी.

नाडीपरीक्षा (११:२०)

गिळणं आणि ओकणं सोडून तिसरा प्रकार असतो, सचिवसाहेब, आणि तुम्ही तो पहिल्याच पोस्टमध्ये लिहून गेलात. रात्री दोन वाजता. गाय दिवसा चरते आणि रात्री निवांत तेच वर आणून चघळते. आपण रागाचा रवंथ करतो.

२०२४ मध्ये २८० निरोगी माणसांवर प्रयोग झाला. काहींना आठ मिनिटं राग आणणारी जुनी आठवण काढायला सांगितली, काहींना काळजीची. काहींना उदास वाक्यं वाचायला दिली, काहींना नुसते आकडे मोजायला. मग दंडातली रक्तवाहिनी किती मोकळी होते ते मोजलं. राग आठवणाऱ्यांमध्ये ती क्षमता कमी झाली आणि चाळीस मिनिटांपर्यंत तशीच राहिली. काळजी आणि दुःखाने तसं झालं नाही. इथे भांडण नव्हतं, समोर माणूस नव्हता, गाडी नव्हती. नुसती आठवण! रविवारचं भांडण दहा मिनिटांचं. त्यानंतर तुम्ही ते किती वेळा लढलात?

खिडकीतला कावळा (११:२८)

मोजलं नाही. आंघोळ करताना दोनदा. लोकलमध्ये रोज. आता टाइप करतानाही.

नाडीपरीक्षा (११:४१)

तेच. राग आल्यावर आधी शरीराला खाली आणा. श्वास सोडताना नाडी मंदावते, म्हणून घेतलेल्यापेक्षा सोडलेला श्वास लांबवायचा, पाच-सहा मिनिटं. त्या वेळेत निर्णय नाही, मेसेज नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. नंतर, डोकं ठिकाणावर आल्यावर, तर्कटशास्त्री म्हणतात तसं रागाचं काम करायचं: लेखी तक्रार, सभेपुढे विषय. शेवंताताईंचा मुद्दा इथेच बसतो, बोलायचं आहेच, फक्त घोडा आवरल्यावर. आणि रात्री जाग आली तर उठून कागदावर लिहा आणि कागद फाडून टाका. जपानात नागोयाला हे करून पाहिलंय, लिहिलेला कागद टाकून दिला की राग जवळजवळ मूळ पातळीला आला. कागद जपून ठेवणाऱ्यांचा आला नाही.

दोन गोष्टी सगळ्यांसाठी. भांडणात छातीत दाटलं, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर "रागाने होतंय" म्हणत बसू नका, १०८ लावा. आणि राग रोजचा झाला असेल, हात उगारला जात असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

शेवंता७२ (गुरुवार, सकाळी ७:१०)

वाखु (वाचनखूण) साठवली. कागद फाडायचा प्रयोग आईला सांगणार आहे. ती आधी लिहील का, हाच प्रश्न.

खिडकीतला कावळा (पुढचा बुधवार, रात्री ९:०५)

अपडेट द्यायचं राहिलं होतं. आठवडाभर सांगितलंत तसं मोजलं. सरासरी १३२/८६ आली. आमचे डॉक्टर म्हणाले मीठ कमी, चालणं सुरू, महिन्याने परत या. दोन रात्री उठून लिहिलं. पहिल्या रात्री चार पानं, दुसऱ्या रात्री अर्धं. फाडायला पहिलीच जड गेली, मुद्दे फार चांगले उतरले होते.

आणि एक. काल जिन्यात त्या सभासदांची बायको भेटली. मी मान फिरवून निघालो होतो, तीच थांबली. म्हणाली, "त्या दिवशी हे वर आले ते घामाने निथळत होते. गेल्या वर्षीच अँजिओप्लास्टी झाली आहे, तुम्हाला माहीत नसेल." मला खरंच माहीत नव्हतं. गाडी जिन्याजवळ का लावतात तेही कधी विचारलं नव्हतं.

सातासमुद्रापार, तुमची ती जॉन हंटरची गोष्ट वाचताना मी आठवडाभर स्वतःला हंटर समजत होतो.

उकडलेला बटाटा (९:१२)

म्हणजे गाडी तिथेच?

खिडकीतला कावळा (९:१५)

सध्या तिथेच. माझी मी कोपऱ्यात लावतो, चालणं सांगितलंच आहे. १४ तारखेच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक ६, ज्येष्ठ आणि आजारी सभासदांसाठी जिन्याजवळची जागा. विरोध तिसऱ्या मजल्यावरून होणार हे आत्ताच कळलंय.

गावठी मिरची (९:१७)

श्वास सोडा, कावळेदादा. लांब.